एका वाक्याचा एक गुण

रोज सकाळी सहाला सिस्टर रोवेना
क्लिपबोर्ड घेऊन येते आणि विचारते
साल कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं.
अबू धाबी, मी सांगतो. सव्वीस वर्षं झाली इथं,
हे उत्तर चुकणं मला परवडणार नाही.
मग ती पेन दाखवते, घड्याळ, स्वतःच्या कोटाचं बटण.
नावं सांगायची.
शंभरापासून दहा-दहा कमी करत खाली यायचं.
शेवटी एक वाक्य लिहायचं. कुठलंही.

कुठल्या भाषेत, मी पहिल्या दिवशी विचारलं.
तुमच्या, ती म्हणाली. मला फक्त हात बघायचाय.

मी लिहिलं: मला फार भीती वाटते आहे.
काय लिहिलंत?
हवा छान आहे, मी म्हणालो.
तिने खिडकीबाहेर पाहिलं. धुकं होतं,
क्रेनची नुसती टोकं दिसत होती.
तिने एक गुण दिला.

मी पाण्याच्या प्लांटवर होतो. समुद्र आत घ्यायचा,
मीठ वेगळं काढायचं, गोडं पाणी शहराला,
उरलेलं खारट, कोमट, परत समुद्रात.
म्हणून त्या मशीनचं मला नवल नव्हतं:
एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातात परत,
मध्ये पाच तास काहीतरी गरगरतं
आणि पांढऱ्या पेशींचा ताकासारखा थर
बाजूला निघतो.
प्रेशर किती ठेवता? टेक्निशियन हसला.
मी खरंच विचारत होतो.

तीनदा केमो झाली. तीनदा गाठी गेल्या
आणि परत आल्या, रजेवरून परतणाऱ्या माणसासारख्या,
बॅगा भरून.

मग डॉक्टर बुथैना म्हणाल्या, एक चाचणी आहे.
तुमच्याच पेशी तळमजल्यावर नेऊ,
ओळखायचं कोणाला ते त्यांना शिकवू.
कागद एकतीस पानांचे. कुंदाने जयसिंगपूरहून
फोनवर सगळे वाचून घेतले, चष्मा पुसत,
आणि एका शब्दापाशी थांबून म्हणाली, पुढचं पान दाखवा.

माझा नंबर सात.
आधीचे सहा कसे आहेत?
ते सांगता येत नाही, बुथैना म्हणाल्या,
आणि उगाच पेनचं टोपण लावलं, काढलं.

पिशवी तळहाताएवढी. चौदा मिनिटांत रिकामी.
खोलीभर लसणीचा वास. गोठवण्याच्या औषधाचा, रोवेना म्हणाली.
आई, फोडणी, गाव असलं काही आठवलं नाही.
भूक लागली फक्त, दोन महिन्यांनी.

तिसऱ्या रात्री ताप, एकशे तीन.
ताप आला तर पेशी कामाला लागल्या असं समजा,
आधीच सांगितलं होतं.
मी दात वाजवत पडलेलो
आणि दाराशी उभे सगळे मला खूश दिसत होते.
तसे ते नसतीलही.

पाचवा दिवस माझ्याकडे नाही.
कागद नंतर पाहिला. शेजारी रोवेनाने टिपलेलं,
मी सत्तरवर तीनदा अडकलो.
आणि वाक्याच्या जागी
मीठ मीठ कुठे ठेव
अक्षरं खाली सांडलेली,
शिरोरेषा कागद ओलांडून चादरीवर गेलेली.
चादर बहुतेक धुतली असेल.
शून्य गुण.

नवव्या दिवशी रोवेना म्हणाली,
तुमची वरची रेघ सरळ झाली.
ती रेघच वाचत होती इतके दिवस.

तिसाव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये काखेतलं काही नाही.
पोटातलं एक अजून मंद उजळतंय.
थांबू, बुथैना म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा.
व्हिसा चार महिन्यांचा उरलाय.
ही वजाबाकी मला कोणी विचारली नाही.

निघताना रोवेनाला पहिल्या वाक्याचा अर्थ सांगितला.
माहीत होतं, ती म्हणाली.
कसं?
त्या दिवशी हवा छान नव्हती.