फ्रेनी, ४१७

देवळालीला, लॅम रोडच्या एका चिंचेखाली
ती अकरा वर्षं पालथी पडून होती.
केरसी मिस्त्रींनी तिच्यावर कोंबड्या बसू दिल्या,
गिऱ्हाईक नाही.
मी अंबडचा, फायबरच्या टाक्या करणारा.
"तुला काच कळते," ते म्हणाले, "वारा कळतो काय?"
मी गप्प. खिशातून दहाचं नाणं काढलं
आणि भांडीबाजारात बायका घागर वाजवून घेतात
तशी वाजवत गेलो तिला, नाळेपासून सुकाणूपर्यंत.
टण. टण. टण.
डाव्या कुशीत एकदम, थप.
थर सुटलेला.
तिथेच किंमत ठरली. अठरा हजार,
आणि नाव बदलायचं नाही.

मराठीत ही एक पंचाईतच आहे,
नावेला नाव म्हणायचं आणि नावालाही.
फ्रेनी त्यांची धाकटी बहीण, कराचीत दिलेली.
याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

शेडमध्ये तिला टाक्यांच्या रांगेत लावली:
पाचशे लिटर, हजार लिटर, फ्रेनी.
रात्रपाळी सुटली की घासायला बसायचं.
ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग ओला दोनशेवीस.
निळा गेला, त्याखालचा हिरवा गेला,
एकाहत्तर सालचा दुधी पांढरा वर आला,
त्यावर बारीक फोड.
टोचले की आंबट पाणी,
इतकी वर्षं आत धरून ठेवलेलं.
काच घामातून कातडीत शिरते.
पाठीला खोबरेल चोळताना बायको म्हणाली,
"सवत परवडली असती. निदान खाजली नसती."

थप वाजली तिथे ताटाएवढा तुकडा कापला.
आतल्या थरावर एक अंगठा.
रेझिन चिकट असताना दाबलेला, रेषांसकट.
मीही असाच दाबतो, सुकलं का बघायला.
निम्म्या नाशकाच्या गच्च्यांवर माझा अंगठा आहे
आणि लोक खुशाल पाणी पितात.
शिकाऊ पोरगी, हर्षदा खैरनार, म्हणाली,
"सर, एवढी जागा उघडी ठेवू या."
उघडी कशी ठेवणार? ऊन खातं काचेला.
मी शेजारी माझा अंगठा दाबला,
वर मॅट टाकली, रोलर फिरवला,
जेलकोट मारला. संपलं.

माघात गंगापूर धरणावर शर्यत. सात नावा.
पुण्याच्या दोघांकडे कार्बनची डोलकाठी,
आमच्याकडे चष्मा दोरीनं बांधलेला मी
आणि पुढच्या शिडाला हर्षदा.
समुद्र तसा घाटाखालीच,
पण नदीनं त्याच्याकडे पाठ केली ती केलीच.
आम्ही तिच्या अडवलेल्या पाण्यावर
समुद्रासाठी बेतलेली नाव घेऊन उभे.
उभेच. वारा पडला होता.
सातही शिडं ओल्या धोतरासारखी लोंबत.

तेवढ्यात हर्षदानं नाक वर केलं.
"सर, गंधक."
पाण्यावर सुरकुती नव्हती. पानही हललं नव्हतं.
पण ती गिरणाऱ्याची, फवारणीत वाढलेली.
अंजनेरीच्या अंगाला कुठेतरी द्राक्षबागेवर
वारा उठला होता
आणि वासाला पुढे धाडून मागून येत होता.
मी सुकाणू लोटलं. बाकीचे हसले असतील.
चार श्वास. मग शीड भरलं,
फटकन, उशीच्या अभ्र्यासारखं,
फ्रेनी कलली, आणि मी पहिल्यांदा ऐकलं
पाणी तिच्या अंगाला आतून कसं वाजतं.
तीन नावा मागे पडल्या.
पुण्याचे दोघे नाही पडले. तिसरा कोण होता, आठवत नाही.

काठावर केरसी घडीच्या खुर्चीत, मांडीवर दुर्बीण.
"चौथा," ते म्हणाले. "शेवटचं वळण उशिरा घेतलंस."
मग हळूच, "पाणी किती आलं?"
"दोन मग."
"डावीकडून?"
"उजवीकडून."
ते इतके खूश झाले की खोकलाच लागला.
"डावी माझी. उजवी कारखान्याची!"

उद्या सुट्टी.
दहाचं नाणं शर्टाच्या खिशात काढून ठेवलंय.