अकराशे चाळीस मीटर

कौन्सिलच्या फॉर्मवर सहा चौकटी आहेत.
हेरंबनं त्या एक्सेलमध्ये उतरवून घेतल्यात,
रंग दिलेत: चार हिरवे, एक पिवळा, एक राखाडी.
राखाडी म्हणजे आपली. चिप्सच्या दुकानामागची.
घरापासून अकराशे चाळीस मीटर,
सरळ रेषेत, म्हणजे मधली घरं, कुंपणं,
कुणाचे दोरीवर वाळणारे मोजे
यांना न जुमानता.

कोजागिरीला, मसाला दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून
शर्मिष्ठा कुरुंदकर म्हणाली,
अगं, चौथीपासूनच क्लास लावायला हवा होतास.
आमचा निनाद रोज तीस मैल जातो बसनं.
पण ग्रामर.
हे 'पण ग्रामर' तिनं अशा सुरात म्हटलं
जसं आमच्याकडे म्हणायचे, 'पण घराणं चांगलंय.'
स्विंडनच्या ढगांत चंद्र काही दिसला नाही.
दूध तेवढं छान झालं होतं.

गुरुवारी साडेसहाला आम्ही तिघं शाळा बघायला गेलो.
दारात आठवीतला एक मुलगा, टाय बेंबीपर्यंत, नाव कॅलम.
म्हणाला, मला चांगलं चांगलं तेवढंच दाखवायला सांगितलंय,
पण हवं असेल तर गळतं छतही दाखवतो.
दाखवलं.
खाली निळी बादली.
बादलीवर मार्करनं कुणी लिहिलं होतं: भूगोल विभाग.
ऋजुता इतकी हसली
की तिथेच तिचं ठरलं असावं.

हेरंबनं हेडबाईंना गाठलंच.
ऑक्सफर्ड-केंब्रिजला किती?
गेल्या वर्षी एक, त्या म्हणाल्या. आणि एक बेकर झाला,
आता त्याचा पाव आमच्या कॅन्टीनला येतो.
दोघंही भेटायला येतात.
हेरंबला हे कुठल्या रकान्यात घालावं कळेना.

जिना चढून वर गेलं की सिक्स्थ फॉर्म.
युनिफॉर्म नाही. एक किटली, एक उसवलेला सोफा,
फिजिक्सच्या वह्यांच्या ढिगाआड हिबो नावाची मुलगी.
मी अकराव्या वर्षी आले, ती सांगत होती,
इंग्रजी येत नव्हतं.
त्या बाई आहेत ना, बिस्किटं खाणाऱ्या,
त्यांना माझं गप्प राहणंसुद्धा वाचता येतं.

मी सोफ्याच्या हातावर टेकले.

मलकापुरात गणिताच्या सरांना माझं अक्षर पाठ होतं.
दहावीनंतर अकोला. कॉलेजच्या भिंतीवर डकवलेली यादी,
माझं नाव खालून चौथं.
वर्गात एकशे वीस, हजेरी आकड्यांची.
मी सत्त्याऐंशी.
दोन वर्षांत मी एकही शंका विचारली नाही.
शंका होत्या.
अजूनही आहेत त्यातल्या काही, तशाच, न विचारलेल्या.

तेव्हा हा वरचा मजला मला हवा होता.
लेकीसाठी, असं मी हेरंबला सांगितलं.
सात वर्षं एकच फाटक, एकच घंटा,
सोळाव्या वर्षी कुणी तिला
पुन्हा नवा आकडा देणार नाही.

परतताना ऋजुता पावलं मोजत होती.
सतराशेला थांबली, म्हणाली,
आई, सोळाव्या वर्षी मी कदाचित इथून जाईन हं.
प्लंबिंग शिकेन.
कुणाला तरी ती बादली हलवायला हवी ना.

मी काही बोलले नाही.
सरळ रेषेत अकराशे चाळीस,
पण चालायला वळणं बरीच आहेत:
भुयारी रस्ता, लॉन्ड्री, एक कुत्रा
जो फक्त हेरंबवरच भुंकतो.

रात्री पहिल्या चौकटीत मी राखाडीचं नाव घातलं.
उरलेल्या पाच हेरंबनं भरल्या, नियमानुसार,
ओठ मिटून, पण भांडला नाही.
तो झोपल्यावर मी एक्सेल उघडलं
आणि त्या ओळीचा रंग बदलला.
निळा. बादलीचा.
सकाळी विचारेल, निळा म्हणजे काय?
तोवर सुचेल काहीतरी.