१८८ अ

बंगला कधीच गेला. त्याच्या बागेवर
आता बावीस मजले, आणि त्यांच्या गच्चीवर पुन्हा एक बाग.
राहिली ती माझगावच्या उतारावरची भिंत,
कुर्ल्याच्या काळ्या दगडाची,
आणि तिच्यातली मालाडच्या पिवळ्या दगडाची कमान,
जिच्यातून शेठ बहमनशांची बग्गी
शहरातून गावी यायची.
गावी म्हणजे, फोर्टातून इथं.

रस्ता रुंद होणार.
‘कमान पाडू नये, सहा फूट आत घ्यावी,’
असा शेरा फायलीत.
म्हणून मी खडू घेऊन शिडीवर:
डावा खांब एक ते त्रेपन्न,
उजवा तेवढाच,
मग वरचे पाचरीचे.
दुर्गप्पा धोत्रे प्रत्येकावर हातोडी टेकवतो,
कान लावतो. “हा बोलतो. हा मुका.”
मुक्यापुढे मी फुली मारतो.

कळीचा दगड निघाला तेव्हा
आम्ही श्वास धरला, उगाच.
आत नाणं नव्हतं, नाव नव्हतं.
चुन्यात एक शिंपला होता,
भट्टीतून न जळता सुटलेला.

एकशे अठ्ठ्याऐंशीवर यादी संपली.
“अन् माझा?” खालून आवाज.
कोंसू डाबरे, वसईची, ताडगोळेवाली.
कमानीच्या पायाशी एक ठेंगणा दगड,
त्यावर ती बसते,
तिची आई बसायची तेव्हापासून.
मी नकाशा उलटसुलट पाहिला.
दुर्गप्पानं तिला उठवलं, वाकला,
दगडाच्या पोटावरून बोट फिरवलं:
तिरपी घळ, गुळगुळीत.
“चाकानं खाल्लाय.
कमानीला धक्का लागू नये म्हणून हा पुढं.
घासून घ्यायलाच ठेवलेला.”

साहेब फोनवर म्हणाले, यादी मंजूर झालीय.
मी खडू थुंकीनं ओला केला
आणि लिहिलं: १८८ अ.

आता कमान उभी आहे, सहा फूट आत.
एकशे चार आणि एकशे पाच यांची अदलाबदल झालीय,
ते फक्त मला आणि दुर्गप्पाला दिसतं.
कोंसूचं म्हणणं वेगळंच:
दगड कलता बसलाय,
दहा वाजले की ऊन थेट टोपलीत.
“कमान हलवलीत,” सोलता सोलता ती म्हणते,
“सावली कुठं हलवलीत?”

मी वर बघतो. खडूचे आकडे तसेच आहेत.
ते पुसण्याचं काम
कुणाच्याच टेंडरात नाही.
ती माझ्या तळहातावर एक ताडगोळा ठेवते,
गार, थरथरता,
आणि पैसे मागते.