वासाचे वेगळे पैसे

सकाळी नऊच्या आत आणा, सांगितलं होतं.
आणली साडेबाराला.
मे महिना, इंदोरा चौक,
मेट्रोच्या खांबाची सावली खांबातच शिरलेली.
साहेब सीटवरून उठले
तर सदऱ्याची पाठ चिकटून राहिली
आणि फर्रकन सुटली.
"तापते फार," म्हणाले. "काहीतरी लाव."

आधी गार होऊ द्यावी लागते, साहेब.
तापलेल्या चामड्याला हात घालू नये.
चारी दारं उघडून गाडी कडुनिंबाखाली लावली,
रितिकला म्हटलं, चहा सांग, एक बिनसाखरेचा.

मग वाकलो.
शिवणीच्या फटीत निघालं ते असं:
बडीशेप, एक रुपया,
पोह्यांवरची तर्री वाळून झालेली लाल रेघ,
कुण्या मुलीचा केसांचा चिमटा,
टोलची पावती, शाई उन्हानं खाल्लेली.
चिमटा आणि रुपया डॅशबोर्डवर ठेवले,
दिसतील असे.
आमच्या धंद्यात रुपया दिसावा लागतो.

बोअरचं पाणी चालत नाही, पांढरे डाग सोडतं.
शेजारच्या शकूरभाईकडून बॅटरीचं पाणी घेतो,
वाटीत साबण फेटतो
आणि नुसता फेस उचलतो.
पाणी सीटला दाखवायचं नाही.
मऊ ब्रश, गोल गोल,
बारीक भोकं असतात तिथं तर जवळजवळ नाहीच.
कुणीतरी खोबरेल चोपडलं होतं.
"ड्रायव्हरनं," साहेब म्हणाले.
ड्रायव्हर नेहमीच असतो.

पहिलं फडकं काळं. दुसरं काळं.
तिसऱ्यावर चहाएवढा रंग आला
आणि सीट उघडी पडली,
शेंगदाण्याच्या सालीसारखी.

"अस्सल आहे ना रे?"
मी उलटा हात फिरवला.
बसायची जागा अस्सल.
बाजू, पाठीमागचं, डोकं टेकायचं, सगळं रेक्झिन.
कंपनी असंच देते,
माणूस घासला जातो तेवढंच चामडं.
"अस्सल आहे," म्हटलं.
जितकी सीट खोटी, तितकंच खोटं बोललो.

हे उलट्या हातानं ओळखणं बापाचं.
कामठीत कातडी कमवायचा.
घरी आला की आधी राख, मग साबण,
मग लिंबाची फोड कोपरापर्यंत,
आणि तरी जेवताना डावा हात
मांडीखाली दाबून बसायचा.
वर्गात माझ्या बाकावर एक जागा रिकामी असायची,
पंखा नेमका तिच्यावर होता तरी.
बाप म्हणे,
"चामड्याले लय पाजू नोको बे,
ढिलं पडते.
तहान लागली का थोडं दे, अन् बोटानं दे."

बोटानंच देत होतो.
कडेच्या घडीत, जिथं भेग आधी पडते.
"हात धुतले ना?"
साहेबांची मान मोबाइलमध्येच.
धुतले, साहेब.

दोन तास सावली.
या दोन तासांत कुणी बसायचं नसतं.
साहेब एकदा बसायला आले, मी नाही म्हटलं,
आणि ते मागे फिरले.
एवढं मला त्या दिवसात बरं वाटलेलं.

बिल अठराशे.
यादीतली शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली:
"नव्या लेदरचा वास. म्हणजे?"
बाटली दाखवली, बोटाएवढी.
त्याचे चारशे वेगळे.
दोनदा फुसफुस केली.
साहेबांनी काचा वर घेतल्या, डोळे मिटले,
छाती भरून घेतली.
"वा! हेच पाहिजे होतं."

पैसे मोजून घेतले.
गाडी जरीपटक्याकडे वळेस्तोवर पाहत राहिलो
आणि रितिक म्हणाला, "भाऊ, काहून हसून राहिले?"

रात्री घरी नळाखाली हात धरले.
राहिला होता थोडा, बोटांच्या पेरांत.
ओट्यावर लिंबू होतं, अर्धं कापलेलं.
ते मी वरणावर पिळलं.