डावा क्रँक

भवानी पेठेत इलाहीभाईंनी
चार महिने कानशीनं घासली ही सायकल.
सांध्यांत पितळ उतरवलं केसाएवढं,
चाकांची आऊट काढली
डोळे मिटून, कान लावून.

एरंडवण्याच्या प्रदर्शनात आज
दिवे, कॅमेरे, दोरीवरून वाकलेली माणसं.
एक जाणकार दोरी ओलांडून बसतो,
एक चक्कर मारतो, उतरतो.
"भाई, डावा क्रँक आखूड झालाय.
एवढी मेहनत केलीत, आणि—"

इलाहीभाई नुसती
चहात खारी बुडवतात.

सहाच्या सुमारास दाभाडेबाई येतात,
पोलिओचा पाय थोडा मागून आणत.
दोरी स्वतःच सोडतात.

कर्वे रस्त्याच्या वळणापर्यंत
मी बघत राहिलो:
दोन्ही गुडघे एका तालात.

मागे कपात
खारी विरघळून गेलेली.