शंभर फ्रँकला चाळीस

बामाकोत, पुलाखालच्या सावलीत
तिएकुराचा लॅपटॉप, धुळीनं तांबूस.
शंभर फ्रँकला चाळीस गाणी.
कार्ड द्या, चहा उकळेतो भरून न्या.

चोरी? तो हसतो.
घागरभर उपसल्यानं नदी आटते होय?
गाणाऱ्याचा गळा जागच्या जागीच आहे.

मंगळवारी सितान आली,
बटणांचा फोन, रबरानं बांधलेला.
"सेगूचा तो म्हातारा, कोरा वाजवायचा,
त्याचं नावाड्याचं गाणं आहे?"
"आहे की! यंदा सगळ्यात जास्त तेच खपलं."

"माझा नवरा."
एवढंच आधी. मग,
"कोरा औषधाला विकला. कॅसेट पुरात गेली.
घरात त्याचा आवाजच नाही."

तिएकुरानं मान खाली घालून गाणं भरलं.
तिनं नाणं पुढं केलं.
त्यानं हात मागं घेतला.
"घे," ती म्हणाली, "फुकट नेणारे
पुष्कळ झाले,"
आणि नाणं कीबोर्डाच्या कडेला ठेवून गेली.

अंधार पडला तरी ते तिथंच.
त्याला वळसा घालून बोटं चालत राहिली.
आणखी अकरा कार्डं भरली,
सातांत तेच गाणं.

आठवं माझं होतं.
मी घासाघीस केली.