रकाना अकरा

कलबाच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकी नंबर चारवरून
तिसऱ्यांदा परत आला माझा अर्ज.
रकाना अकरा : कामाच्या जागेपासून पाण्याचे अंतर.
मी लिहिलं होतं : पाणी नाही.

खोटं नव्हतं. वादीच होती ती.
आमच्याकडे वादी म्हणजे दावा लावणारा,
इथे नुसता दगडगोट्यांचा पट्टा,
डोंगरातून खाली, खाडीतल्या तिवरांपर्यंत.
सहा वर्षांत तिथे थेंब पाहिला नव्हता
ना मी, ना कुरियनसाहेबांनी,
ना पाइप उतरवणाऱ्या गुलबाजने.

तपासनीस बाई, अफ्रा अल नक्बी,
स्वतः आल्या जागेवर.
अबायाचा घोळ उचलून गोट्यांवरून चालल्या,
शेळ्यांमागे वाढल्यासारख्या.
बाभळीच्या जातीतल्या एका झाडापाशी थांबून
बोट वर केलं. माझ्या डोक्याच्याही वर,
बेचक्यात, सुकल्या गवतासकट अडकलेली
लहान मुलाची निळी चप्पल.

"ही इथे कुणी ठेवली?"
हिंदीत विचारलं, किराणावाल्यांकडून शिकलेल्या.
मग म्हणाल्या, "पाणी रजेवर गेलंय.
रजेवरच्या माणसाची खाट
दुसऱ्याला देता का तुम्ही?"

देतो, बाई. आठवड्याच्या आत देतो.
पण बोललो नाही.
टेपचं टोक गुलबाजने धरलं,
मी मागे मागे सरकत गेलो,
तीस मीटर, आणखी तीस.
पाइपांचा ढीग, जनरेटर, चहाचा डबा,
सगळा पसारा पाण्याच्या अंथरुणात.

आचऱ्याला घरामागे व्हाळ आहे आमचा.
चैत्रात ठणठणीत. पोरं त्यात विटीदांडू खेळतात.
पोरवदा भावाने त्यात मोरी टाकली,
वर पडवी वाढवली.
फोनवर म्हणाला, व्हाळ तसाही सुकलेला,
आणि तू तरी कुठे असतोस इथे.
मी हो म्हणालो होतो.
हो म्हणायला कुठला अर्ज लागला नव्हता,
रकाना नव्हता, खिडकी नव्हती.

आज चौथ्यांदा भरला.
अंतर : शून्य. आम्ही पाण्यात उभे आहोत.
अफ्राबाईंनी वाचलं, हसल्या नाहीत,
शिक्क्याला सोमवार उजाडेल म्हणाल्या.

तोवर भावाला विचारायचंय,
मोरी किती इंची टाकलीस.